कॉलेज उघडण्यापूर्वीचे चार महिने

(द्वितीय वर्ष, कला)

मी कोल्हापूरला आले ती कॉलेज सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी. त्यामागे काही मोठा विचार नव्हता. आमचे गाव चंदगड तालुक्यात, डोंगराला लागून. एकदा पाऊस लागला की आबांना भाताच्या कामातून मान वर करायला सवड नसते. म्हणून पावसाच्या आधीच मला पोचवून यायचे असे घरात ठरले. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि फडक्यात बांधलेल्या नाचणीच्या भाकऱ्या घेऊन आम्ही एस.टी.त बसलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. आबा चौथी शिकलेले. आई काजूच्या कारखान्यात काजू सोलते. चिकाने तिच्या बोटांची टोके कायमची काळी पडली आहेत.

आबा संध्याकाळच्या गाडीने परत गेले आणि मी एकटी राहिले. वसतिगृहाच्या त्या लांबलचक खोलीत चौदा खाटा होत्या आणि माणूस एकच. रात्री नळाच्या ठिबकण्याचा आवाज सुद्धा मोठा वाटे. कॉलेजच्या फाटकाशी जाऊन पाहिले तर रंगकाम चाललेले. शिपायाने हसून सांगितले की अजून पंधरा दिवस आहेत. मला इतकी लाज वाटली! जेवायला बोलावल्याच्या आदल्या दिवशीच दारात जाऊन बसावे, तशी. दुसऱ्या दिवशी मी तिकिटाचे पैसे मोजून पाहिले. ते पुरेसे होते. वळकटी बांधलीसुद्धा.

मला थांबवले ते मेसच्या मावशींनी. त्यांनी काही उपदेश केला नाही. चूल पेटलीच आहे, दोन भाकऱ्या माझ्याबरोबर खा आणि मग जा, एवढेच त्या म्हणाल्या. त्या दुपारी मी गेले नाही. नंतर वेळ जाईना म्हणून खोलीतले कपाट उघडले, तर मागच्या मुलींनी टाकून दिलेल्या वह्यांच्या ढिगात एक मुखपृष्ठ नसलेले पुस्तक सापडले. ते होते श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी. पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात आनंदीबाईंविषयी जे मिळाले ते मी वाचत गेले. पण पहिली ओळख झाली ती त्या रिकाम्या खोलीत.

शाळेच्या पुस्तकात आनंदीबाई जोशी मला दोन ओळींत भेटल्या होत्या. अमेरिकेला जाऊन डॉक्टर झालेली पहिली भारतीय स्त्री आणि अकाली मृत्यू. या दोन ओळींच्या मध्ये एक अठरा वर्षांची मुलगी आहे आणि तीही कॉलेज सुरू होण्याच्या कितीतरी आधी परक्या गावात जाऊन राहिली होती, हे मला कोणी सांगितले नव्हते.

कल्याणच्या जोश्यांची यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. वयाच्या नवव्या वर्षी तिचे लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी, टपाल खात्यात नोकरीला, बिजवर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठा. सासरी यमुनेची आनंदी झाली. गोपाळरावांना एकच वेड होते, बायकोला शिकवायचे. त्या काळात बायको पुस्तक घेऊन बसली तर नवरे चिडत. इथे बायको स्वयंपाकघरात रमली तर नवरा चिडे. हे वेड नेहमी मायेचेच होते असे मात्र नाही. लहान वयात नवऱ्याने कसे मारले, पुस्तके कशी अंगावर फेकली, हे आनंदीबाईंनी पुढे त्यांनाच एका पत्रात लिहिले आहे. माणसाचे उपकार मानायचे आणि त्याने दिलेले दुःखही विसरायचे नाही, असा त्यांचा खरेपणा होता.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य औषधोपचार मिळाला असता तर तो वाचला असता, ही खंत त्यांच्या मनातून कधी गेली नाही. स्त्रियांना स्त्रीडॉक्टर हवी आणि ती आपण व्हायचे, या निश्चयाचे मूळ त्या दहा दिवसांत आहे असे म्हणतात. मला ते पटते. मोठे निश्चय सभेत कमी होतात, घरातल्या अंधाऱ्या खोलीत जास्त होतात.

गोपाळरावांच्या बदल्या होत. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. हे श्रीरामपूर म्हणजे बंगालमधले, कलकत्त्याजवळचे. प्रत्येक ठिकाणी नवे बिऱ्हाड, नवी भाषा आणि बाईमाणूस पुस्तक घेऊन रस्त्याने चालते म्हणून टोमणे मारणारे नवे शेजारी. आम्ही कोल्हापूरच्या मुलींनी लक्षात ठेवावे असे एक येथे आहे. गोपाळराव कोल्हापुरात असताना १८७८ मध्ये त्यांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. वाइल्डर पूर्वी कोल्हापुरातच मिशनचे काम करून मायदेशी परतले होते. आपल्या पत्नीला अमेरिकेत शिकवायचे आहे, मदत व्हावी, असा पत्राचा आशय. वाइल्डर यांनी मदत केली नाही, उलट धर्मांतराचा मार्ग सुचवला. पण ते पत्र आणि आपले उत्तर त्यांनी आपल्या मासिकात छापले.

आणि मग योगायोग पाहा! न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या बाई १८८० साली दाताच्या डॉक्टरकडे गेल्या असता, आपली पाळी येईपर्यंत सहज म्हणून तो जुना अंक चाळत बसल्या. त्यात त्यांना हे पत्र दिसले. ना ओळख ना पाळख, धर्म वेगळा, देश वेगळा. पण या बाईंनी घरी येऊन पत्र लिहिले. उत्तर आले. पुन्हा पत्र गेले. सुमारे तीन वर्षे या दोघी एकमेकींना लिहीत राहिल्या. आपल्याकडचे सण, चालीरीती, बालविवाह, देव-धर्म, घरातली माणसे, सारे त्या पत्रांत येई. आनंदीबाईंना डोकेदुखी, ताप, धाप लागणे असा त्रास होता. कार्पेंटरबाई अमेरिकेहून औषधे पाठवत. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या होत्या. हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवले आणि बराच वेळ मेसच्या दिशेने पाहत बसले.

माझ्या लक्षात आले ते हे, की परक्या गावात रुजणे हे तिथे पोचल्यावर सुरू होत नाही. आनंदीबाईंनी अमेरिकेत पाय ठेवण्याच्या तीन वर्षे आधीच तिथल्या एका घरात त्यांची जागा तयार होत होती.

जाण्याचे नक्की झाल्यावर गहजब उडाला. हिंदू बाई, ब्राह्मणाची, समुद्र ओलांडणार आणि तीही नवऱ्याशिवाय! २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई लोकांसमोर उभ्या राहिल्या आणि आपण अमेरिकेला का जात आहोत हे त्यांनी इंग्रजीत सांगितले. देशात स्त्रीडॉक्टरांची किती गरज आहे ते सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असेही सांगितले. त्या वेळी त्यांना अठरावे वर्ष संपायचे होते. मला वर्गात उभे राहून उपस्थिती देताना घाम फुटतो! पैशांसाठी अंगावरचे सोने विकले गेले. ७ एप्रिल १८८३ ला काही अमेरिकन स्त्रियांच्या सोबतीने त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. गोपाळराव मागे राहिले. जवळजवळ दोन महिन्यांचा प्रवास, बरोबरच्या बायकांचा धर्मांतराचा आग्रह आणि त्यात शाकाहार सांभाळायचा. ४ जून १८८३ रोजी बोट न्यूयॉर्कला लागली. धक्क्यावर कार्पेंटरबाई उभ्या होत्या.

कॉलेज सुरू होणार होते ऑक्टोबरमध्ये. म्हणजे मध्ये चार महिने होते.

आनंदीबाईंच्या चरित्रात या चार महिन्यांना फार जागा मिळत नाही. पदवी, सत्कार, मृत्यू यांच्यापुढे एका लहान गावातला उन्हाळा तो काय! पण मला हाच भाग पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. रोझेलच्या त्या घरात त्या पाहुणी म्हणून बसून राहिल्या नाहीत. घरातल्या कामांना हात लावला, मुलांशी खेळल्या, त्यांना आपल्याकडच्या गोष्टी सांगितल्या. पुस्तकातून शिकलेले इंग्रजी आता रोजच्या बोलण्यात आले. एकदा तर त्यांनी आपल्या पद्धतीचे जेवण रांधून कार्पेंटरबाईंच्या मैत्रिणींना मराठी पंगतीचा थाट दाखवला. आपण ज्या घरात उपऱ्या आहोत त्या घरात दुसऱ्यांना जेवू घालता आले, की माणूस उपरा राहत नाही. पहिल्या रविवारी मावशींना भाकऱ्या थापू लागले तेव्हा मला हे थोडेसे कळले होते.

याच दिवसांत, जून संपायच्या आत, त्यांनी फिलाडेल्फियाच्या कॉलेजला प्रवेशासाठी अर्ज केला. ‘वूमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ हे ते कॉलेज. केवळ स्त्रियांना वैद्यक शिकवण्यासाठी १८५० साली ते निघाले होते. रेचल बॉडली या तेव्हा तिथल्या डीन होत्या. अर्जात आनंदीबाईंनी आपले शिक्षण किती अपुरे झाले आहे ते लपवले नाही. आपल्याला हे शिक्षण कशासाठी हवे आहे ते मात्र ठामपणे लिहिले. कॉलेजने प्रवेश दिला.

सप्टेंबर सरला. कार्पेंटरबाई त्यांना फिलाडेल्फियाला घेऊन गेल्या आणि त्यांची राहण्याची सोय लावून परतल्या. आबा एस.टी.ची खिडकी धरून उभे होते ते मला आठवते. त्या मावशी कशा परतल्या असतील?

इथे मला एक खरे सांगितले पाहिजे. आधी येऊन नीट रुजले म्हणजे पुढचे सगळे सोपे होते, असे आनंदीबाईंचे आयुष्य सांगत नाही. फिलाडेल्फियातली त्यांची खोली चांगली नव्हती. ऊब देणारी शेगडी धुमसायची. पेटवावी तर धूर, न पेटवावी तर गारठा. जेवण अंगी लागत नव्हते. थंडीसाठी त्यांनी साडी गुजराती पद्धतीने, पाय झाकतील अशी नेसायला सुरुवात केली, पण सवयी जितक्या बदलता येत होत्या तितक्याच बदलल्या. शाकाहार सोडला नाही. आजारपण वरचेवर येत राहिले. शरीर आधीच नाजूक, त्यात ती थंडी. पुढे जो क्षय त्यांना घेऊन गेला, त्याने याच वर्षांत घर केले.

मग त्या चार महिन्यांचा उपयोग काय झाला? मी या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. मला वाटते, त्यांना परतायला एक घर मिळाले. सुट्टी लागली की जायला, आजारी पडले की कळवायला, कोणाला तरी मावशी म्हणायला. कॉलेजातही त्या एकट्या परदेशी नव्हत्या. १८८५ च्या ऑक्टोबरमधले एक छायाचित्र आहे. त्यात तिघी जणी शेजारी शेजारी बसल्या आहेत. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. तिघींच्याही घरापासून ते गाव किती दूर! मी त्या चित्राकडे पाहते तेव्हा मला आमच्या खोलीतल्या चौदा खाटा आठवतात. जुलैपर्यंत त्या भरल्या होत्या; एक आजऱ्याची, एक शाहूवाडीची, एक थेट सीमेपलीकडची.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. ही पदवी मिळाली. प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदानाला गोपाळराव हजर होते. ते आदल्या वर्षी अमेरिकेत पोचले होते. पंडिता रमाबाई या समारंभासाठी इंग्लंडहून आल्या होत्या. वयाचे एकविसावे वर्ष पुरे व्हायला वीस दिवस होते. आणि त्याच वर्षी आपल्या कोल्हापूर संस्थानाने त्यांना नेमणूक दिली. अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधल्या स्त्री विभागाच्या त्या प्रमुख होणार होत्या.

हे हॉस्पिटल म्हणजेच आजचे सी.पी.आर. मी के.एम.टी.ने जाते-येते तेव्हा ते वाटेत लागते. बाहेर फळांच्या गाड्या असतात, खेड्यातून आलेली माणसे डबे घेऊन सावलीला बसलेली असतात. त्या काळ्या दगडी इमारतीत एक खुर्ची त्यांच्यासाठी तयार होती. इथे मात्र त्यांना आधी येऊन रुजायला सवड मिळाली नाही. ९ ऑक्टोबर १८८६ ला त्या न्यूयॉर्कहून निघाल्या आणि १६ नोव्हेंबरला मुंबईला पोचल्या त्या आजारीच. उपचारासाठी पुण्यात ठेवले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यातच त्यांचा अंत झाला. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर उरला होता. कोल्हापूरची ती खुर्ची रिकामीच राहिली. बस सी.पी.आर.वरून जाताना माझी नजर आपोआप खाली जाते.

त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवली. त्या बाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातील पुकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली, आपल्याच माणसांच्या शेजारी. चार महिन्यांच्या त्या उन्हाळ्यात मिळालेली जागा अशी कायमची झाली. जन्म कल्याणच्या घराण्यात, मृत्यू पुण्यात आणि शेवटचा विसावा मावशीच्या अंगणात.

एवढे सगळे मी वाचले, मनाला लावून घेतले, मैत्रिणींना सांगितले. आणि तरीही यंदाच्या जूनमध्ये माझ्या हातून जे घडले ते लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

कॉलेज सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या वसतिगृहात एक नवी मुलगी आली. माझ्याच तालुक्यातली. तिच्याही हातात पत्र्याची ट्रंक होती. तिला बिचारीला पंधरा दिवस मिळाले नव्हते. आदल्या दिवसापर्यंत ती काजूच्या कामावर होती. सकाळी फॉर्म कुठल्या खिडकीवर द्यायचा, वेळापत्रक कुठे लावतात, मेसची ताटे कुठे ठेवतात, तिला काहीच ठाऊक नव्हते. ती माझ्याकडे पाहून हसली. बोलण्याच्या ढंगावरून तिने मला ओळखले असावे. आणि मी? मी तोवर शहरातली झाले होते. मैत्रिणींच्या घोळक्यात होते. माझी ओढाताण करत बोललेली प्रमाण भाषा तिच्याशी बोलताना सुटेल की काय, अशी मला धास्ती वाटली. मी हसले आणि पुढे गेले. चौथ्या दिवशी सकाळी तिची खाट रिकामी होती. वळकटी घेऊन ती पहाटेच्या गाडीने गेली, असे मावशींनी सांगितले. त्या मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

आनंदीबाईंसारखे व्हावे असे आपण सगळ्याजणी म्हणतो. भाषणात म्हणतो, निबंधात लिहितो. ते सगळ्यांना जमणार नाही. पण कार्पेंटरबाईंसारखे होण्यासाठी ना समुद्र ओलांडावा लागतो ना परीक्षा द्यावी लागते. एक पत्र लिहावे लागते आणि गाडी यायच्या वेळी धक्क्यावर उभे राहावे लागते. इतके सोपे काम माझ्या वाट्याला आले होते आणि ते मी केले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या गावी गेले. आमच्या गावापासून ते डोंगरापलीकडे दोन तासांच्या वाटेवर आहे. ती कारखान्यातून नुकतीच आली होती. तिची बोटे माझ्या आईसारखी काळी होऊ लागली आहेत. मी क्षमा मागितली की नाही हे मला नीट आठवत नाही. चहा मात्र तिने केला. पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरशील का, असे मी विचारले. ती हो म्हणाली नाही आणि नाही असेही म्हणाली नाही. मी तिला कॉलेजचा पत्ता, फीची माहिती आणि फॉर्मच्या तारखा एका कागदावर लिहून दिल्या. तेव्हापासून महिन्याला एक पत्र टाकते. दोन पत्रांना उत्तर आले आहे.

येत्या जूनमध्ये मी कॉलेज उघडण्याच्या पंधरा दिवस आधी येणार आहे. या वेळी लाज वाटणार नाही. चंदगडची गाडी दुपारी स्टँडवर लागते. ती आली नाही तरी दुसरी कोणी ट्रंक घेऊन उतरेलच.